गाडी तशीच आहे, डिक्की मात्र भरली

माझी गाडी कोणी मान वळवून पाहत नाही. उंच केलेली नाही, छतावर दिव्यांची पट्टी नाही, दारांवर स्टिकर नाहीत. लॅडर फ्रेम (शिडीसारखा लोखंडी सांगाडा), फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनचा जोर), लो रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारे गिअर), पुढेमागे साधे ओपन डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी). शोरूममधून निघाली होती जवळपास तशीच. अडीच वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली तेव्हा फोर लो, म्हणजे लो रेंजमधलं फोर बाय फोर, कधी टाकायचा हेही मला धड माहीत नव्हतं. तेव्हापासून तिला काय लावलं, काय लावून काढलं आणि काय अजून पिशवीतून बाहेरही निघालेलं नाही, ते लिहिते आहे. अनुभव एका गाडीचा आणि एका बाईचा आहे, तेवढाच धरून चालावं.

पहिल्या महिन्यातच कोरड्या नदीपात्रात रुतले. मागची चाकं अर्धी वाळूत, पुढची जागच्या जागी फिरत होती. शेजारी बसलेला धाकटा भाऊ मोबाईलवर लिफ्ट किट शोधत होता. "ताई, दोन इंच उचलली असती ना, तर हे झालंच नसतं." तेवढ्यात मागून याच मॉडेलची, माझ्यापेक्षा जुनी आणि जास्त ठोकलेली गाडी आली. त्यातले काका उतरले, खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "हवा किती आहे?" म्हटलं, पस्तीस. ते हसले. खिशातून किल्ली काढून एकेका चाकाचा व्हॉल्व्ह दाबत बसले, मधूनमधून गेज लावत. चारही चाकं १८ पीएसआयवर आणली. चाकांपुढची वाळू हाताने बाजूला केली. "आता सेकंडमध्ये, सावकाश. थांबायचं झालं तर ब्रेक दाबू नका, नुसता पाय काढा." गाडी चालत बाहेर आली. धक्का नाही, दोर नाही, काही नाही.

ब्रेक का नाही, ते नंतर कळलं. ब्रेक दाबला की चाकापुढे वाळूचा ढीग जमतो आणि पुन्हा निघताना तोच ढीग चढावा लागतो.

त्यामुळे माझी पहिली खरेदी हवेचा दाब मोजायचं गेज आणि हवा काढायचा डिफ्लेटर. या सबंध यादीतली सगळ्यात स्वस्त वस्तू आणि गाडीत सगळ्यात जास्त फरक तिनेच पाडला. हवा कमी केली की टायर जमिनीवर लांबीने पसरतो, रुंदीत त्यामानाने थोडाच. वजन जास्त जागेवर विभागलं जातं आणि चाक खणत जाण्याऐवजी वरून सरकतं. दगडगोट्यांच्या रस्त्यावर तोच टायर दगडाभोवती दबतो, त्यामुळे पकडही वाढते आणि आतल्या माणसांची हाडंही शाबूत राहतात. माझ्या गाडीला खडकाळ वाटेवर २२ ते २५ आणि वाळूत १५ ते १८ जमतं. १५ च्या खाली मी जात नाही. साध्या रिमवर इतक्या कमी हवेत झटक्याने वळलं तर टायरची कड रिमवरून सुटू शकते. सामानाने भरलेल्या जड गाडीला हेच आकडे चालतील असं समजू नये. आणि डांबरी रस्ता लागला की पुन्हा हवा भरायचीच. कमी हवेत वेगाने गेलं की टायरची बाजू सारखी दुमडत राहते, तापते आणि फाटते.

डिफ्लेटरमध्ये दोन जाती आहेत. एक चार टोप्यांचा संच, आधी ठरवलेल्या आकड्याला आपोआप बंद होणारा. दुसरा पितळी, नळीला गेज जोडलेला, जो व्हॉल्व्हची आतली पिनच उलगडून बाहेर ओढतो. मी दुसरा घेतला. व्हॉल्व्हवर बसवायचा, मागची दांडी आत दाबून फिरवायची, पिन सुटल्याचं बोटांना कळतं, मग दांडी मागे ओढायची. बाहेरची नळी सरकवली की हवा शिट्टी मारत निघते. एका चाकाला मिनिटभर, फार तर दीड. हवा निघत असताना गेज चुकीचं दाखवतं. नळी बंद करून, काटा स्थिर झाला की वाचायचं. हे माहितीपत्रकात लिहिलेलं होतं. मी ते वाचलं नव्हतं आणि पहिल्या दिवशी तीन चाकांत तीन वेगळे आकडे ठेवून फिरले. दुसरी गंमत म्हणजे आटे नीट न बसवता दांडी फिरवली, तर सगळा डिफ्लेटर पिनसकट हातातून उडतो. पिन गवतात गेली. भावाने आणि मी गुडघ्यावर बसून वीस मिनिटं शोधली. आता औषधाच्या रिकाम्या बाटलीत सहा जादा पिना असतात, सोबत त्या फिरवायची छोटी चावी.

हवा काढली की भरायला पंप लागतो आणि इथे मी पैसे वाया घालवले. पहिला पंप लायटरच्या सॉकेटात बसणारा, हातात मावणारा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत १५० पीएसआय. आपल्याला पस्तीस हवेत, दीडशे काय करायचेत, हा प्रश्न घेताना पडला नाही. पहिल्या चाकाला बारा मिनिटं लागली, दुसऱ्याला पंधरा, आणि तिसऱ्याच्या मध्येच गप्प झाला. सॉकेटचा १५ अँपिअरचा फ्यूज गेला होता. मोबाईलचं चार्जिंगही त्याच फ्यूजवर, तेही बंद. पंपाला हात लावला तर इस्त्रीसारखा तापलेला.

आताचा पंप चिमट्यांनी थेट बॅटरीला लागतो, ३० अँपिअरपर्यंत ओढतो, वायरीत स्वतःचा फ्यूज आहे. इंजिन चालू ठेवून १८ चे ३५ करायला चाकामागे साधारण चार मिनिटं. घेताना दोन गोष्टी बघाव्यात. मिनिटाला किती लिटर हवा देतो हा आकडा बहुतेक वेळा मोकळ्या नळीचा असतो; टायरच्या दाबाला किती देतो ते विचारावं. आणि सलग किती वेळ चालवता येतो, मग किती वेळ थंड होऊ द्यायचा, तेही लिहिलेलं हवं. ज्याच्यावर हे लिहिलेलं नाही तो घेऊ नये. माझ्या पंपाची एकच तक्रार आहे. नळीच्या टोकाचं पितळी तोंड तापून लाल व्हायचं तेवढं राहतं, बोटं भाजतात. आता हातमोजा पंपाच्याच पिशवीत ठेवते.

टायर मी हौसेने बदलले नाहीत, जुने झिजले म्हणून बदलले. मूळ साईझ २४५/७० आर १६, म्हणजे रुंदी २४५ मिमी, भिंतीची उंची तिच्या ७० टक्के, रिम १६ इंची. दुकानदार, भाऊ आणि ओळखीतले झाडून सगळे म्हणाले, २६५ टाका, एकदम भारी दिसेल. कागदावर गणित मांडलं. मूळ टायरचा व्यास ७४९ मिमी, २६५/७० चा ७७७. फरक २८ मिमी, म्हणजे अ‍ॅक्सल वर येणार १४ मिमी. माझं करंगळीचं पेर त्याहून लांब आहे. बदल्यात मीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८३ ने पळणार, गिअरिंग तेवढं लांबणार, पूर्ण वळणावर आतलं प्लॅस्टिक घासणार आणि स्टेपनी तिच्या जागेत बसेल की नाही ते बसवूनच कळणार. मूळ मापातच ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे टायर) घेतले, पाचही. स्टेपनी वेगळ्या नक्षीची आणि झिजलेली ठेवली तर ज्या दिवशी ती लागते, त्याच दिवशी फोर बाय फोरही लागतं, आणि त्याला चारही चाकं सारखी हवीत.

ऑल टेरेनचं खरं काय ते सांगते. ओल्या मातीत आणि मुरमावर जुन्या हायवे टायरपेक्षा खूपच बरे. चिकणमातीत खाचा भरल्या की ते गुळगुळीतच, तिथे जादू नाही. साठ-सत्तरच्या वेगाला बारीक घूं असा आवाज आहे, आठवड्याने कान सरावतात. पेट्रोलपंपावर जास्त वेळा जावं लागतं, टायर जड आहेत त्याची ती किंमत. पण बाजूची भिंत जाड असल्याचा फायदा डोळ्यांनी पाहिला: एका टोकदार दगडाने बोटभर ओरखडा काढला, आतलं कापड दिसलं नाही. ट्रेडमधलं भोक आपल्याला दोरीच्या प्लगने बुजवता येतं. भिंत फाटली तर त्या टायरला रामराम. मड टेरेनच्या, म्हणजे खास चिखलाच्या टायरच्या, वाटेला मी गेले नाही. माझी गाडी दहातले नऊ दिवस डांबरावर असते.

आता दोराबद्दल, आणि हे जरा सविस्तर लिहिते कारण इथे चुकलं तर नुसतं पैशांवर निभावत नाही.

पुढच्या बंपरखाली एक लोखंडी कडी आहे. भावाला आणि मला ती ओढायची कडी वाटली. दुसऱ्या पावसाळ्यात चिखलात बसलो, मदतीला आलेल्या गाडीने दोर त्या कडीत अडकवून झटका दिला आणि कडी उघडून इंग्रजी जे अक्षरासारखी झाली. दोर सुटून बॉनेटवर आपटला. कोणाला लागलं नाही, एवढंच. गॅरेजमध्ये दाखवली तेव्हा मेकॅनिक म्हणाला, "मॅडम, ही ट्रकवरून गाडी आणताना बांधायची कडी. ओढायची नव्हे." जहाजावर, ट्रकवर गाडी जागची हलू नये एवढ्यापुरती ती असते. तसाच मागचा टो बॉल. ट्रेलर ओढायला ठीक, पण रुतलेल्या गाडीच्या झटक्याला तो तुटतो आणि ताणलेल्या दोराबरोबर गोळीसारखा येतो. अशाने माणसं मेली आहेत. त्यामुळे टो बॉलला दोर लावणारा माणूस दिसला की मी अनोळखी असला तरी तोंड उघडते.

चेसिसला बोल्टने बसणारे, वजनाची क्षमता कोरलेले रिकव्हरी पॉइंट, म्हणजे रुतलेली गाडी ओढायच्या खऱ्या कड्या, बसवले. पुढे दोन, मागे एक. बोल्ट किटबरोबर आले तेच वापरले. मेकॅनिक स्वतःच्या डब्यातले "यापेक्षा मजबूत" लावू म्हणत होता, त्यांच्या डोक्यावर ग्रेडचा आकडाच नव्हता. नको म्हटलं.

दोर कायनेटिक घेतला, नायलॉनचा, २२ मिमी जाड, ९ मीटर. तो ओढताना तीस टक्क्यांपर्यंत ताणतो. ओढणारी गाडी हळूहळू पुढे जाते, दोर ताण साठवतो आणि मग रुतलेली गाडी रबरासारखी उचलली जाते. साध्या पट्ट्याने जो खाडकन झटका बसतो तो याने बसत नाही. पण तोच साठलेला ताण काही तुटलं तर वाईट, म्हणून आधी नीट पॉइंट आणि मग दोर, उलटा क्रम नको. दोराची तुटण्याची क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दोन ते तीन पट असावी. फारच जाड घेतला तर तो ताणतच नाही, मग साधा पट्टा काय वाईट होता? टोकांना सॉफ्ट शॅकल आहेत, म्हणजे दोर पॉइंटला अडकवायचे दोरीचेच फास, डायनिमा जातीच्या मजबूत धाग्याचे. मुठीत मावतात, पाण्यावर तरंगतात, आणि सुटले तर लोखंडाचा तुकडा कोणाच्या दिशेने जात नाही. धारदार कडेवर मात्र लावायचे नाहीत, आणि वापरून झाले की पाण्यात खळबळून आतली रेती काढायची. दोर ताणला जात असताना बघे लांब उभे करावेत, दोराच्या लांबीच्या दीडपट तरी. बघे ऐकत नाहीत. ऐकेपर्यंत ओढायचं नाही.

ट्रॅक्शन बोर्डची, म्हणजे रुतलेल्या चाकाखाली घालायच्या दातेरी प्लॅस्टिकच्या फळ्यांची, जोडी भावाने वाढदिवसाला दिली, त्यामुळे वाईट बोलणं अवघड आहे. चांगलेच आहेत. पहिल्याच वेळी मी चाक त्यांच्यावर गरागरा फिरवलं आणि एका फळीचे मधले दात वितळून साबणासारखे झाले; जळक्या प्लॅस्टिकचा वास दोन दिवस डिक्कीत होता. आधी फावड्याने चाकापुढे उतार करायचा, फळी टायरखाली खुपसायची आणि जेमतेम अ‍ॅक्सिलरेटर. थोडक्यात, निम्मं काम फावडं करतं. फावडं मात्र कोणी वाढदिवसाला देत नाही.

फुकटात झालेली सुधारणा एकच: पुढच्या बंपरखालची प्लॅस्टिकची झालर काढली. चार स्क्रू, सात क्लिपा. दोरा आणि कंपासातला कोनमापक घेऊन मोजलं, चढणीला भिडायचा कोन ३१ अंशांवरून ३६ वर आला. काही गाड्यांत ही झालर रेडिएटरकडे हवा वळवते, त्यामुळे काढल्यावर लांबच्या चढणीवर तापमानाच्या काट्यावर नजर ठेवावी. माझा जागचा हलला नाही.

ज्या कामाचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे ते कोणाला दिसतही नाही: अ‍ॅक्सलचा ब्रीदर वर नेला. अ‍ॅक्सलच्या नळीवर हवा आत-बाहेर व्हायला टोपी असलेलं बोंडाएवढं तोंड असतं. तासभर चालून डिफरन्शियल गरम होतो, आतली हवा फुगते. मग गाडी ओढ्यात उतरते, गार पाण्याने सगळं एकदम थंड होतं आणि आतली हवा आकसते. त्या तोंडातून किंवा सीलच्या कडेने पाणी आत शोषलं जातं. माझ्या टोपीत वाळलेला चिखल होता, ती धड उघडतही नव्हती आणि बंदही होत नव्हती. सर्व्हिसिंगला मागचं ऑइल काढलं तर ते दुधाळ, करड्या रंगाचं. त्यात दोन ओढे होते.

टोपी काढून तिथे नळीचं तोंड बसवलं, ८ मिमीची ऑइल सोसणारी रबरी नळी जोडली, चेसिसच्या कडेने टेललॅम्पच्या मागे नेली, टोकाला मोटरसायकलचा पारदर्शक पेट्रोल फिल्टर लावला. सगळं झालं तासाभरात. मी खुश. पुढच्याच फेरीत एका आडव्या घळीत मागचं चाक पूर्ण खाली लोंबलं आणि नळी ताणून तोंडावरून निसटली, कारण मी ती गाडी सपाट उभी असताना मापून कापली होती. आता चेसिस जॅकवर उचलून, अ‍ॅक्सल पूर्ण खाली लोंबू देऊन, वर हातभर ढील सोडून पुन्हा लावली आहे. स्नॉर्केलचा विचार करणाऱ्यांनी आधी हे करावं. स्नॉर्केल इंजिनचा श्वास वर नेतो; डिफरन्शियल, दारांची रबरं आणि गालिच्याखालच्या वायरी खालीच राहतात.

खालच्या संरक्षक पत्र्याबद्दल माझं मत अजून ठरत नाही. कंपनीचा पातळ पत्रा फक्त ऑइल चेंबर झाकतो, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) उघडे. मी तीन तुकड्यांतला ३ मिमी पोलादी घेतला. अ‍ॅल्युमिनियम हलकं असतं, पण दगडावर ते सोलवटतं आणि अडकतं. पोलाद घसरत पुढे जातं. दोनदा चांगलाच खणखणाट झाला आणि दोन्हीदा खाली बघून बरं वाटलं. पण बनवणाऱ्याने ऑइल काढायचं भोक बोल्टसमोर ठेवलेलं नाही. दर वेळी आठ बोल्ट काढा. त्यातल्या एकाचं डोकं दगडाने घासून चपटं झालं, मेकॅनिकने त्यावर नट वेल्ड करून काढला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मुद्दाम केलं. बोल्ट खोलगट जागेत बसणारे आहेत ना, ते घ्यायच्या आधी खाली झोपून बघा. शिवाय पत्रा आणि सायलेन्सरच्या मध्ये वाळकं गवत साठतं, ते प्रत्येक मुक्कामाला हाताने काढावं लागतं. आग लागायला तेवढं पुरतं. खडकात जात नसाल तर अठ्ठावीस किलो कशाला वाहायचे?

एलईडी पट्टी लावली होती, काढली. धुक्यात आणि पुढच्या गाडीच्या धुळीत सगळा उजेड परत माझ्याच डोळ्यांत. छतावरचं कॅरिअर घेतलं नाही, आडव्या उतारावर वर वजन नको. बाजूच्या पायऱ्या बॉडीला लावलेल्या आहेत, एक आधीच वाकली आहे. त्या जागी चेसिसला बसणारे रॉक स्लायडर, दगडावर घासले तरी चालतील असे मजबूत पाइप, पुढच्या वर्षी.

आणि लिफ्ट किट. भाऊ अजून विचारतो. त्याला एकदा गाडीखाली झोपवलं आणि दाखवलं: स्प्रिंगखाली स्पेसर घातले की बॉडी वर जाते, मागच्या अ‍ॅक्सलचा मधला फुगवटा आहे तिथेच राहतो. त्याला वर नेणारा एकमेव मार्ग म्हणजे मोठा टायर. बॉडीखालची जागा आणि कोन वाढतात हे खरं. पण पुढच्या शाफ्टचे सांधे जास्त कोनात चालतात, अलाइनमेंट पुन्हा करावं लागतं, हेडलाइट समोरच्याच्या तोंडावर जातात. "म्हणजे नंतर करू," असं म्हणून तो उठला. पाठीला ग्रीस लागलं होतं.

राहिला जॅक. गाडीबरोबर आलेला बाटली जॅक उत्तम आहे, पण मऊ जमिनीवर गाडी वर येण्याऐवजी तोच खाली जातो. त्याच्याखाली मी एक फळी ठेवते, साधारण फूटभर चौरस, पाऊण इंच जाड प्लाय. घरातल्या मोडलेल्या शेल्फची. एका बाजूला अजून पांढरी सनमायका आहे. ती बाजू मातीकडे ठेवायची, जॅक खरखरीत बाजूवर. पहिल्यांदा उलटी ठेवली होती, जॅक सनमायकावरून बोटभर सरकला आणि मी हातातला पाना टाकून मागे उडी मारली. तेव्हापासून त्या पांढऱ्या बाजूवर मार्करने मोठ्ठं "खाली" लिहिलेलं आहे.